नववीच्या वेळापत्रकात एक तासिका हवी आहे

प्रति,
माननीय शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, जळगाव, धुळे आणि नंदुरबार
तसेच खान्देशातल्या माध्यमिक शाळांचे संस्थाचालक आणि मुख्याध्यापक

विषय : घरातल्या मारहाणीविषयी हायस्कूलमध्ये शिकवण्यासाठी आठवी-नववीला नियमित तासिका मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गिरणेच्या काठच्या एका हायस्कूलमध्ये मी २३ वर्षं मराठी शिकवते आहे. हे पत्र बरंच आधी लिहायला हवं होतं. का लिहिलं नाही, ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीला ‘सुट्टीतला एक दिवस’ हा निबंध दिला होता. एका मुलाने भाऊबीज लिहिली. मामा आला, आईने बट्ट्या तळल्या, मामाने सगळ्यांना फटाके आणले. मग मामाने आईचा हात पाहिला आणि काय झालं म्हणून विचारलं. पुढची तीन वाक्यं मला पाठ आहेत. ‘आई म्हणाली तेल उडाले. मी तिथेच होतो. मी काही बोललो नाही.’ त्यानंतरचं वाक्य पुन्हा फटाक्यांचं होतं. मी तो निबंध तपासला. ‘भाऊबीज’मधला ‘बी’ त्याने ऱ्हस्व लिहिला होता, त्याला लाल गोल केला, परिच्छेद पाडून लिही असा शेरा दिला आणि दहापैकी सहा गुण दिले.

जानेवारीत तोच मुलगा पाण्याच्या टाकीजवळ आपल्या पाचवीतल्या बहिणीला मारताना दिसला. तिच्या दप्तराचा बंद धरून तो तिला ओढत होता आणि दुसऱ्या हाताने पाठीत मारत होता. मी मध्ये पडले. का मारतोस म्हणून विचारलं, तर खाली बघत म्हणाला, “ती ऐकसच नही, मॅडम.” मी त्याला एक तास वर्गाबाहेर उभं केलं. संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर मला तो निबंध आठवला. ‘ती ऐकत नाही’ हे वाक्य त्या मुलाने कुठे ऐकलं असेल, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मधले दोन महिने मी त्याला रोज शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला निरोप पाठवला. ती आली, पदर सावरत दारात उभी राहिली. मी विचारल्यावर म्हणाली, “घरनी गोट घरमाच ऱ्हाऊ द्या, मॅडम.” घरातली गोष्ट घरातच राहू द्या. त्यापुढे काय बोलायचं, हे मला माहीत नव्हतं. बी.एड.ला वर्गनियंत्रण शिकले होते, पाठाचं टाचण काढायला शिकले होते. मूल घरातलं असं काही सांगू लागलं तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मुलगा दहावी झाला आणि सुरतेला कामाला गेला. त्याच्या बहिणीचं पुढे काय झालं, ते मला सांगता येत नाही.

आता आकड्यांकडे येते, कारण आपल्या कार्यालयात आकड्यांना वजन असतं आणि ते योग्यही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९ टक्क्यांच्या आसपास आहे. माझ्या नववीच्या तुकडीत ६० मुलं आहेत. सरळ हिशोब केला तर त्यांतल्या १५ मुलांच्या आया या आकड्यात येतात. गावागावात फरक पडेल, पण एकही नाही असा वर्ग मला तरी माहीत नाही. त्याच सर्वेक्षणात असंही निघालं की देशात अशी हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली. बाकीच्यांनी ‘तेल उडालं’ असंच सांगितलं असणार.

त्याच सर्वेक्षणातला अजून एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं बरोबर आहे, असं देशातल्या ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना वाटतं. सगळ्यांत जास्त सांगितलं गेलेलं कारण म्हणजे तिने सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. मारणाऱ्याला आणि मार खाणारीला, दोघांनाही ते रास्त वाटतं. हे वाटणं कुणी जन्मताना घेऊन येत नाही. ते पाहून पाहून अंगवळणी पडतं, आणि पाहण्याच्या त्या वयात मूल दिवसातले सहा तास आपल्या ताब्यात असतं.

आपल्याकडच्या जुन्या वस्तीत धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं अजून आहेत, दोन घरांत एकच भिंत. उन्हाळ्यात सगळं गाव धाब्यावर झोपतं. रात्री अकराला कुणाच्या घरात भांडं आपटलं, कोण रडतंय, कुणाचा आवाज एकदम बंद झाला, हे सगळ्यांना ऐकू येतं. मोठी माणसं कूस बदलतात. शेजारच्या धाब्यावरचं चौदा वर्षांचं पोर जागं असतं आणि मोठ्यांनी कूस बदलली, हेही ते बघतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या २००८ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात, मुलाला अशी हिंसा ऐकायला किंवा बघायला लावणं हीदेखील हिंसाच धरली आहे. हे वाचलं तेव्हा मला आपली धाबी आठवली.

हा विषय काढला की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो दारू. दारूने घरं नासवली, यात शंका नाही, आणि दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बायांना माझा नमस्कार आहे. पण वर्गात मी एकदा मुलांना विचारलं की पिऊन आलेला माणूस वाटेत सरपंचाला मारतो का, ज्याच्या शेतात कामाला जातो त्या मालकाला मारतो का. मुलं गप्प झाली. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “घर येस तवलोंग थांबस.” घरी येईपर्यंत थांबतो. त्या मुलाला जे कळलं होतं, ते मोठ्यांच्या बैठकांत मी क्वचितच ऐकलं आहे. कुणाला मारलेलं चालतं, हे प्यालेल्या माणसालाही ठाऊक असतं. शिवाय न पिणारेही मारतात. शिकलेले मारतात, पगारदार मारतात. आमच्या पेशातल्या माणसांच्या घरांतही हे आहे. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून शाळेत येणाऱ्या शिक्षिकेला आम्ही कारण विचारलेलं नाही.

आणि मारणं म्हणजे फक्त हात उचलणं नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे चारही प्रकार सांगितले आहेत. आर्थिक हिंसा खान्देशात शिकवायला पुस्तक लागत नाही. बाई दिवसभर कापूस वेचते, किलोवर मजुरी ठरते आणि पैसे नवऱ्याच्या हातात दिले जातात. केळीच्या बागेतलं काम असो, मिरचीचं असो, हीच तऱ्हा. ट्रॅक्टरचा हप्ता थकला म्हणून, बोअरवेल करायची म्हणून सुनेला माहेरी पाठवून देतात आणि पैसे घेऊन ये म्हणतात. हा ‘घरचा व्यवहार’ नसून कायद्याने हिंसा आहे, हे आमच्या नववीतल्या मुलींना सांगितलं तेव्हा एकीने वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. कुणासाठी लिहून घेतेस, असं मी विचारलं नाही.

आखाजीचं, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेचं, तुम्हाला सांगायला नको. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. त्या गाण्यांत सासुरवास भरलेला असतो. सासूचं बोलणं, दादल्याचा मार, माहेरून न्यायला येणारं लांबलेलं मूळ, सगळं येतं. म्हणजे आपल्या मातीत हे दुःख बोलायची सोय होती आणि आहे. फक्त ती बायांनी बायांपुढे बोलायची सोय आहे. तेव्हा पुरुष पारावर पत्त्यांच्या डावात बसलेले असतात आणि तेरा-चौदा वर्षांची पोरं त्यांच्या मागे उभी राहून डाव शिकत असतात. झोक्यावरचं गाणं त्या पोरांनी ऐकायला हवं. वर्षातून एकदा, लांबून ऐकलेलं नव्हे, तर समोर बसून, कुणीतरी अर्थ उलगडून सांगत असताना. ती जागा हायस्कूलचा वर्ग आहे. दुसरी कोणतीही जागा मला दिसत नाही.

हायस्कूलच का? आठवी-नववीत मुलाला मिसरूड फुटू लागते आणि घरात त्याला पहिल्यांदा ‘पुरुषा’चं काम दिलं जातं. बहीण कुणाशी बोलते बघ, तिचा मोबाइल तपास, ती ट्यूशनला जाते तेव्हा मागे जा. हे शिक्षण घरोघर मिळतं आणि कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही. मुलींच्या बाबतीत घाई वेगळ्या कारणाने आहे. दहावीनंतर आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली परत दिसत नाहीत. काहींचं तर नववीतच ठरतं. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ हे त्यांना पाठ असतं, पण बालविवाह थांबवायची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे, हे कुणाला माहीत नसतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि धुळे-नंदुरबारच्या बऱ्याच गावांत घरची माणसं ऊसतोडीला जातात, मुलं मागे आजीजवळ राहतात किंवा सोबत फडावर जातात. ती शाळेत असतात ते महिने हाच काय तो त्यांच्यासाठी वेळ.

तासिका मागते आहे ती भाषणासाठी नाही. भाषणं आम्ही करतो. ३ जानेवारीला करतो, ८ मार्चला करतो. पाहुण्या येतात, मुलींनी कसं सक्षम व्हावं ते सांगतात, मुलं मागे बसून चुळबुळत राहतात, नारळ-शाल होते, फोटो निघतो. त्या दिवसाने कुणाच्या घरात काही बदललं असेल, असं मला वाटत नाही. पाहुण्या निघून जातात आणि ज्या मुलीच्या मनात काही हललं, तिला दुसऱ्या दिवशी विचारायला कुणी नसतं.

नेमाने, वर्षभर, शाळेच्याच शिक्षकांनी शिकवलं तर फरक पडतो, याचे दाखले आहेत. मुंबईच्या महापालिका शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर स्त्री-पुरुष समता आणि हिंसा या विषयांवर गटचर्चांचा कार्यक्रम झाला, त्यात टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही होती. पुढे त्याचे धडे राज्यातल्या इतर शाळांपर्यंत पोचले. हरियाणाचा दाखला मला आपल्याला जास्त जवळचा वाटतो, कारण तिथली गावं आपल्यासारखी शेतीची आणि मुलींच्या बाबतीत आपल्याहून कडक. तिथे ३१४ सरकारी शाळा निवडून त्यांतल्या १५० शाळांत सातवीपासूनच्या मुलांना सुमारे अडीच वर्षं, दर तीनेक आठवड्यांनी पाऊण तासाचा वर्ग दिला. उरलेल्या शाळांशी तुलना केली. मुलामुलींची मतं बदलली, आणि कार्यक्रम संपून दोन वर्षं झाल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हाही तो बदल टिकून होता. त्यातली एक गोष्ट मी अधोरेखित करते : प्रत्यक्ष वागण्यातला फरक मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त होता. मुलं घरकामाला हात लावू लागली. मुलींची मतं बदलली तरी त्यांच्या हातात तेवढी सत्ता नव्हती. म्हणून हा वर्ग फक्त मुलींना वेगळ्या खोलीत बसवून घेऊ नका. मुलांना मैदानावर सोडून मुलींना ‘माहिती’ द्यायची आपली पद्धत या विषयात उपयोगाची नाही.

परदेशातला एक दाखला थोडक्यात सांगते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत २० हायस्कूल घेऊन नववीच्या आरोग्य विषयात नात्यांमधल्या हिंसेवर २१ पाठ बसवले. शिकवणारे शाळेचेच शिक्षक होते, त्यांना जादा प्रशिक्षण दिलं होतं. अडीच वर्षांनी पाहिलं तर मैत्रिणीवर हात उचलणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी होतं. व्हिक्टोरिया राज्याने २०१६ मध्ये कौटुंबिक हिंसाचारावरच्या चौकशी आयोगाच्या २२७ शिफारशी सगळ्याच्या सगळ्या स्वीकारल्या, त्यांत शाळांमधून आदराच्या नात्यांचं शिक्षण देण्याची शिफारस होती. तिथे यात नुसता वर्गातला पाठ धरत नाहीत. शाळेत मोठी माणसं एकमेकांशी आणि मुलांशी कशी वागतात, हेही त्यात धरतात.

हे मला आमच्यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला एप्रिल २०१० पासून बंदी आहे. तरी कपाटामागे छडी असते, आणि ‘तुझ्या भल्यासाठी मारतोय’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी असतं. जो मुलगा सकाळी घरात आईला ‘तिच्या भल्यासाठी’ मार खाताना बघतो आणि दुपारी शाळेत तेच वाक्य ऐकतो, त्याला आपण हिंसेबद्दल काय शिकवणार? मी स्वतः पहिली काही वर्षं पट्टी वापरली आहे. ती कशी सुटली, हे मी प्रशिक्षणात उभी राहून सांगायला तयार आहे.

भाषेचं लिहिलंच पाहिजे. ‘कौटुंबिक हिंसाचार म्हणजे काय?’ असा प्रश्न परीक्षेत विचारला तर आमची मुलं दोन गुणांचं उत्तर छान लिहितील. पण तो शब्द त्यांच्या घरात कधी येत नाही. घरात जे होतं, त्याला ती म्हणतात, “मना बाप मनी मायले मारस.” माझा बाप माझ्या आईला मारतो. हे वाक्य वर्गात उच्चारलं गेलं की प्रमाण मराठीतल्या दहा व्याख्या बाजूला राहतात. सातपुड्याकडच्या वर्गांत ते पावरीत येईल, भिलीत येईल, तडवी मुलांच्या बोलीत येईल. पाठ कुठल्याही भाषेत छापा, बोलायची मुभा घरच्या भाषेत असू द्या. अहिराणी बोलला म्हणून मुलाला हसणारा शिक्षक या तासाला नको.

आता माझी मुख्य विनंती, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण यात चूक झाली तर मुलांचं नुकसान होतं.

तुम्ही हा विषय चांगला शिकवलात तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी मूल येऊन बोलेल. त्या दिवसाची तयारी पहिल्या पाठाच्या आधी झाली पाहिजे. मला माहीत असलेल्या एका शाळेत आठवीतल्या मुलीने बाईंना घरातलं सांगितलं होतं. बाई मनाने चांगल्या. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावून घेतलं आणि चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. वडील हो हो म्हणाले, सरांच्या पाया पडले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. तिला मामाच्या गावी पाठवलं होतं, पुढे तिकडेच लग्न लावलं असं कळलं. त्या शाळेत कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मारणाऱ्याला बोलावून, मुलाने काय सांगितलं ते त्याला ऐकवायचं नाही, ही एवढी गोष्ट कुणाला माहीत नव्हती.

म्हणून प्रत्येक शाळेतले किमान दोन शिक्षक, एक बाई आणि एक सर, आधी तयार करा. ऐकायचं कसं, काय विचारायचं नाही, ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं खोटं वचन का द्यायचं नाही, हे त्यांना शिकवा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हे मुलाला आधी सांगायचं असतं, त्याने विश्वासाने बोलून झाल्यावर नव्हे. पुढे कुणाकडे जायचं, याची वाट शिक्षकांना तोंडपाठ हवी. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१, तातडीला ११२. जिल्ह्याची बालकल्याण समिती. २००५ च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिथे उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला वकील फुकट मिळतो. हे सगळं आहे. शासनाने ते उभं केलेलं आहे. आमच्या शिक्षक खोलीपर्यंत ते पोचलेलं नाही.

विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्याही २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत झाल्या. त्यांच्या हातात हे काम देता येईल, त्यासाठी नवी समिती नको. तक्रारपेटीचं मात्र बघा. बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, येणाजाणाऱ्यांच्या नजरेसमोर आहे. तिथे चिठ्ठी टाकायला मुलीला किती धैर्य लागेल? ती पाणी पिण्याच्या जागेजवळ किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर हलवा. खर्च चार खिळ्यांचा आहे.

तासिकेत काय शिकवायचं, याचा कच्चा आराखडा मी आणि दोन सहकाऱ्यांनी केला आहे. त्यातला मुलांना सगळ्यांत भिडलेला भाग सांगते. घरातल्या प्रत्येकाचा पहाटे पाचपासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस मुलांनी वहीत मांडून आणायचा. कुणी किती तास काम केलं, कुणाला पैसे मिळाले, कुणी शेवटी जेवलं. मग बेरीज. आईचे तास बघून मुलं पुन्हा पुन्हा बेरीज तपासतात, त्यांना चुकल्यासारखं वाटतं. एका तासाला राग येणं आणि हात उचलणं यांच्या मधल्या क्षणात काय करता येतं, याचा सराव होतो. एका तासाला कायदा. बाई ज्या घरात नांदते त्या घरातून तिला कायद्याच्या रीतसर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, घर तिच्या नावावर असो वा नसो. सासऱ्याच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. हे ऐकून मुली एकमेकींकडे बघतात. आणि एक तास शेजाऱ्याचा. हिंसा होते आहे अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने दिली तर देणाऱ्यावर खटला होऊ शकत नाही. धाब्यावर कूस बदलणाऱ्या गावाला हा तास फार गरजेचा आहे.

संस्थाचालकांचे आक्षेप मी ऐकले आहेत. पालक चिडतील, असं म्हणतात. काही चिडतील. पण पालकसभेला आया जास्त येतात, त्यांना विचारून बघा. घरं मोडतील, असंही म्हणतात. घर ज्याने मोडलं त्याचं नाव आपण घेत नाही आणि बोलणाऱ्याला दोष देतो, हे थांबवायला हवं. मुलांवर आरोप केल्यासारखं होईल, ही काळजी मात्र मला खरी वाटते. ती मी मनावर घेतली आहे. वर्गातला मुलगा आरोपी नाही. मार खाणाऱ्या आईचा तो मुलगा आहे, पुष्कळदा तो स्वतः मार खातो आणि कुणी त्याला विचारत नाही. आईला वाचवायला मध्ये पडला तर बापाचा मार, नाही पडला तर आयुष्यभर मनाला खात राहतं. ‘मी तिथेच होतो. मी काही बोललो नाही.’ त्या पोराला तासिकेची जितकी गरज होती, तितकी कुणाला नसेल.

अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, हा आक्षेप दहावीच्या निकालाशी जोडलेला असतो. म्हणूनच मी दहावी मागत नाही, आठवी आणि नववी मागते. नववीला जलसुरक्षा हा विषय आला तेव्हाही वेळ नव्हता, तरी आपण बसवला, आणि तापी-गिरणेच्या मुलखात तो हवाच होता. आठवड्याला ३५ मिनिटं मिळाली तर ठीक. ती नसतील तर पंधरवड्याला एक तास.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. छात्रालय सांभाळायचे, मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. मुलगा वर्गात येतो तो घर पाठीवर घेऊनच येतो, हे खान्देशातल्या हायस्कूलने शंभर वर्षांपूर्वी जाणलं होतं. त्यांचा फोटो आमच्या शाळेत आहे, आपल्या शाळांतही असेल.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि वेळापत्रक त्याआधी ठरतं. शिक्षकांचं प्रशिक्षण मे महिन्यात झालं तर जूनपासून सुरू करता येईल. तिन्ही जिल्ह्यांत एकदम जमणार नसेल तर प्रत्येक तालुक्यात पाच शाळा घ्या. आमची शाळा त्यात धरा. शनिवारची शेवटची तासिका मी द्यायला तयार आहे आणि आराखडा कुणालाही विनामूल्य पाठवेन.

तोवर एक काम लगेच होऊ शकतं. आमच्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, त्यांचं कार्यालय कुठे आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक कोणता, एवढं आपल्या कार्यालयाच्या पत्राने तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलला कळवा. आमच्या शिक्षक खोलीत वेळापत्रकाच्या शेजारी जागा रिकामी करून ठेवली आहे.

आपली नम्र,
नववीची एक वर्गशिक्षिका